आनंदाची मेणबत्ती मी कोणत्या तोंडाने लावू?

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात: “दीर्घ आजारानंतर माझी आई या वर्षी देवाघरी गेली. तिची सगळी शुश्रूषा मीच केली आणि ती बरी व्हावी म्हणून आमच्या चर्चच्या सगळ्या मंडळीने कळकळीने प्रार्थना केली; पण ती बरी झाली नाही. आता आगमनकाळ, म्हणजे नाताळाची वाट पाहण्याचे आधीचे चार रविवार, सुरू झाला आहे. तिसऱ्या रविवारी आनंदाची मेणबत्ती लावून दोन शब्द बोलावेत, असे पाळकसाहेबांनी मला सांगितले आहे, आणि माझ्या मनात तर आनंद नावालाही नाही. गीते सुरू झाली की माझा कंठ दाटतो. एका बहिणीने मला बाजूला घेऊन सांगितले की, विश्वासी माणसाने इतके दिवस खिन्न राहणे बरे नव्हे, त्याने साक्ष बिघडते. घरात दहा वर्षांची मुलगी आहे. ती सारखी माझ्या चेहऱ्याकडे पाहत असते. मी आनंदाचे सोंग आणू का? पाळकसाहेबांना नाही म्हणू का? की माझ्या विश्वासातच काही खोट आहे?”

प्रिय भगिनी,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते मिळाल्याशिवाय माझे बाकीचे बोलणे तुमच्या मनापर्यंत पोहोचणार नाही. तुमच्या विश्वासात खोट नाही. आईच्या मृत्यूनंतरच्या पहिल्याच आगमनकाळात तुमचा कंठ दाटून येतो, कारण तुम्ही तिच्यावर प्रेम केले आहे. यात अविश्वास कुठेच नाही. मरण पावलेल्या लाजराच्या कबरेकडे निघालेला येशू थोड्याच वेळात त्याला हाक मारून बाहेर बोलावणार होता आणि हे त्याला ठाऊक होते. तरीही तो रडला, असे योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. पुनरुत्थान ज्याच्या हाती होते त्याने जर अश्रू आवरले नाहीत, तर त्या पुनरुत्थानाची अजून वाट पाहणाऱ्या तुमच्याकडून कोरड्या डोळ्यांची अपेक्षा कोणी का करावी? प्रेषित पौलानेही थेस्सलनीकातील मंडळीला ‘शोक करू नका’ असे लिहिलेले नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असे लिहिले आहे.

तुम्हाला बाजूला घेऊन बोललेल्या बहिणीचा हेतू चांगलाच असेल, पण तिचा सल्ला पवित्र शास्त्राला धरून नाही, हे मला स्वच्छ सांगितले पाहिजे. खिन्न मनाच्या माणसापुढे गीते गाणे हे थंडीच्या दिवशी अंगावरचे वस्त्र काढून घेण्यासारखे आहे, असे नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात म्हटले आहे, आणि हे लिहिणाऱ्याला माणसाच्या मनाची फार चांगली पारख होती असे मला वाटते. साक्ष बिघडते ती दुःखाने नव्हे, तर उसन्या आनंदाने. कारण मंडळीत मागच्या बाकावर बसलेली दुसरी एखादी शोकाकुल व्यक्ती तो आनंद पाहून एवढेच ठरवते की इथे आपल्याला जागा नाही.

आता त्या आज्ञेकडे वळू, जी तुम्हाला टोचते आहे. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा,’ हे फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील वचन पश्चिमेकडील मंडळ्यांमध्ये शतकानुशतके आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी उपासनेच्या आरंभी म्हटले जात आले आहे, आणि त्या रविवारचे लॅटिन नावही त्यावरूनच पडले. हे वचन बहुतेक वेळा पत्रातून वेगळे काढून, एखाद्या पाटीवर लिहावे तसे वाचले जाते, आणि मग ते दुःखी माणसाला हुकमासारखे ऐकू येते. सगळे पत्र एका बैठकीत वाचून पाहा. त्यात चारच अध्याय आहेत. लिहिणारा बंधनात आहे आणि आपण जगणार की मरणार हेही त्याला निश्चित ठाऊक नाही. दुसऱ्या अध्यायात तो एपफ्रदीत नावाच्या सहकाऱ्याविषयी लिहितो की, तो मरणाच्या दारी पोहोचला होता, पण मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून देवाने त्याच्यावर आणि माझ्यावरही दया केली. तिसऱ्या अध्यायात ‘मी रडत सांगतो’ असे त्याचे शब्द आहेत. आणि आनंद करण्याची आज्ञा देण्यापूर्वी दोनच ओळी आधी तो युवदीया आणि सुंतुखे या दोन बहिणींना एकचित्त होण्याची विनंती करतो आहे, म्हणजे मंडळीतही सगळे आलबेल नव्हते. ज्याने आनंद करा म्हटले तो स्वतः साखळदंडात होता, मित्र गमावण्याच्या भीतीतून गेला होता आणि रडतही होता. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याने आपल्या सोबत्यांचे आणि स्वतःचे वर्णन ‘दुःखी तरी सर्वदा आनंद करणारे’ असे केले आहे. त्या दोन गोष्टी त्याच्या आयुष्यात एकाच वेळी होत्या. एक संपली आणि मग दुसरी आली असे झाले नाही.

मग हा आनंद कशावर उभा होता? त्याच वचनाच्या पुढच्या ओळीत उत्तर आहे: ‘प्रभू समीप आहे.’ पौलाने आनंदाचे कारण आपल्या मनःस्थितीत शोधले नाही, परिस्थितीतही शोधले नाही; जो येत आहे त्याच्या जवळ असण्यात त्याला ते सापडले. म्हणूनच मी म्हणते की आगमनकाळाचा आनंद तुम्ही आपल्या मनात घडवून आणायची गोष्ट नाही. तो येणाऱ्याबरोबर येतो. आपले काम एवढेच, की तो येतो आहे या बातमीच्या कक्षेत राहावे. तुम्ही आज आनंद ‘वाटवून घेण्याचा’ जो प्रयत्न करता आहात आणि जमत नाही म्हणून स्वतःला दोष देता आहात, तो प्रयत्नच तुमच्याकडे कोणी मागितलेला नाही.

याचे सगळ्यात ठळक उदाहरण मला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या आयुष्यात दिसते, आणि त्याच्याविषयी मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमचे पत्र वाचताना मला सारखी त्याचीच आठवण होत होती.

आगमनकाळात ज्या माणसाचे नाव वारंवार कानी पडते तो हा योहान, येणाऱ्या प्रभूची वाट तयार करणारा संदेष्टा. आणि शुभवर्तमानांत त्याची पहिलीच हालचाल आनंदाची आहे. येशूची आई मरिया ही योहानाची आई अलीशिबा हिच्या घरी आली आणि तिने अभिवादन केले तेव्हा अलीशिबेच्या उदरातील बाळाने उल्लासाने उडी मारली, असे लूक सांगतो. पुढे तोच योहान यार्देनेच्या प्रदेशात उपदेश करू लागला, आणि येशूकडे लोकांची रीघ लागल्यावर योहानाचे शिष्य कष्टी झाले, तेव्हा त्याने म्हटले की, वराचा मित्र वराची वाणी ऐकून अत्यानंदित होतो. तसा माझा हा आनंद पूर्ण झाला आहे. ही त्याची आनंदाची दुसरी नोंद, चौथ्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात. त्यानंतर हेरोदाने त्याला तुरुंगात टाकले. तेथून त्याने आपल्या शिष्यांना येशूकडे पाठवून विचारले: ‘जे येणार आहेत ते आपणच, किंवा आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?’

हाच तो माणूस, जो मातेच्या उदरात उल्लासाने उसळला होता. त्याचा आनंद कुठे गेला? त्याने स्वतःच पूर्वी सांगितले होते की त्याचा आनंद एका वाणीवर उभा आहे, आणि तुरुंगात ती वाणी त्याच्या कानी पडत नव्हती. माझ्या समजुतीप्रमाणे तुमचेही आज असेच झाले आहे. तुमचा विश्वास मेलेला नाही. दुःखाच्या भिंतींमुळे ज्याच्या आवाजाने तुम्ही पूर्वी आनंदित होत होता त्याचा आवाज तुम्हाला ऐकू येईनासा झाला आहे. अशा वेळी योहानाने काय केले ते पाहा. आपल्याला शंका नाही असे सोंग त्याने आणले नाही, आणि पाठही फिरवली नाही. त्याने ज्याच्याविषयी शंका होती त्यालाच प्रश्न विचारला, आणि स्वतः जाता येत नव्हते म्हणून मित्रांना पाठवले.

येशूच्या उत्तराकडे लक्ष द्या. त्याने योहानाला दटावले नाही. ‘तुझ्यासारख्याने असे विचारावे?’ असे तो म्हणाला नाही, आणि लोकांची साक्ष बिघडेल अशी काळजीही त्याने केली नाही. जे ऐकता व पाहता ते जाऊन योहानाला सांगा, असे त्याने शिष्यांना सांगितले: आंधळे पाहतात, पांगळे चालतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. आणि ते निघून जाऊ लागले तेव्हा जमलेल्या लोकांपुढे त्याने योहानाचा गौरव केला, की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत त्याच्यापेक्षा मोठा कोणी झाला नाही. शंकेचा प्रश्न विचारल्यावर लगेच मिळालेली ही प्रशस्ती आहे, हे विसरू नका.

इथे एक कठीण गोष्ट मी तुमच्यापासून लपवू इच्छित नाही. योहानाची सुटका झाली नाही. येशूच्या त्या उत्तरात यशयाच्या भविष्यवाणीचे पडसाद आहेत, पण त्याच यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायात बंदिवानांना मुक्ती जाहीर करण्याचा जो शब्द आहे, तो योहानाला पाठवलेल्या निरोपात नव्हता, आणि पुढे तुरुंगातच त्याचा शिरच्छेद झाला. तुमच्या आईसाठी केलेल्या प्रार्थनेचे उत्तर तुम्ही मागितले तसे आले नाही, आणि ते का आले नाही हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. कोणी सांगू लागले तर त्याच्याकडे फार लक्ष देऊ नका. योहानाला कारण मिळाले नाही. त्याला बातमी मिळाली की, ज्याची तू वाट पाहत होतास तो आला आहे आणि काम करतो आहे. ख्रिस्ती आनंद त्या बातमीला धरून राहतो, आणि मेलेले उठवले जातात हे शब्द त्या बातमीत आहेत. तुमच्या आईच्या बाबतीत ते वाक्य अजून पुरे व्हायचे आहे.

अनेक मंडळ्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र पाळतात, आणि त्या तीनपैकी एका वर्षी, आनंदाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या तिसऱ्याच रविवारी, शुभवर्तमानाचे वाचन तुरुंगातील योहानाच्या या प्रश्नाचे असते. ज्यांनी ती वाचने निवडली त्यांनी हे समजून केले असावे असे मला मनापासून वाटते. मंडळीने आनंदाच्या रविवारी एका शंकाकुल कैद्याचा आवाज ऐकावा, यापेक्षा शहाणी योजना मला सुचत नाही.

आगमनकाळ हा मुळात उत्सवाचा काळ म्हणून वाढलेलाच नाही, हेही तुम्हाला उपयोगी पडेल. सहाव्या शतकात गॉल प्रदेशात, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समध्ये, नाताळापूर्वीचा काळ 11 नोव्हेंबरपासून उपवासाने पाळला जात असे. पौर्वात्य मंडळ्या आजही नाताळापूर्वी दीर्घ उपवास पाळतात. रोमन कॅथलिक उपासनेत या काळातील रविवारी गौरवगीत म्हटले जात नाही, पण ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात बंद ठेवले जाणारे हालेलुया मात्र आगमनकाळात चालू राहते. पश्चात्तापाचा जांभळा रंग आणि हालेलुया शेजारी शेजारी, असा हा काळ आहे. तिसऱ्या रविवारची गुलाबी मेणबत्ती लावली तरी तिच्या शेजारच्या जांभळ्या मेणबत्त्या कोणी विझवत नाही.

त्या मेणबत्त्यांचा इतिहासही सुखवस्तू घरातला नाही. योहान हिनरिख विखर्न हे जर्मन धर्मशास्त्रज्ञ हांबुर्ग येथे गरीब आणि निराधार मुलांसाठी एक आश्रम चालवत असत. नाताळ कधी येणार असे मुले सारखी विचारत, म्हणून 1839 साली त्यांनी गाडीच्या एका चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावायला सुरुवात केली. ज्या मुलांकडे घर नव्हते त्यांना वाट पाहणे सुसह्य व्हावे म्हणून लावलेला तो उजेड होता. तेव्हा दुःखी माणसाने ती मेणबत्ती लावू नये, असे म्हणायला काही आधार नाही. उलट तुमच्या हाती ती अधिक शोभेल असे माझे मत आहे.

म्हणून पाळकसाहेबांना नाही म्हणण्यापूर्वी त्यांना एकदा भेटा आणि तुम्ही मला जे लिहिले ते त्यांनाही सांगा. त्यांना बहुधा तुमच्या मनाची कल्पना नसेल. मग त्यांच्या संमतीने असे करता येईल: मेणबत्ती तुम्ही लावा, पण स्वतःचे दोन शब्द बोलण्याऐवजी मत्तयाच्या अकराव्या अध्यायातील दुसऱ्या ते सहाव्या वचनापर्यंतचा भाग वाचा आणि जागेवर जाऊन बसा. तेवढे पुरे आहे. बोलायचेच असेल तर ‘या वर्षी माझे मन जड आहे, तरी प्रभू येत आहे असा माझा विश्वास आहे,’ एवढे वाक्य खरे असेल तर म्हणा, आणि खरे नसेल तर तेही म्हणू नका. वाचतानाही आवाज साथ देणार नाही असे वाटत असेल, तर दुसऱ्या कोणाला वाचू द्या, किंवा यंदा हे काम मोकळेपणाने सोडून द्या. लूकच्या पहिल्या अध्यायात योहानाचा पिता जखऱ्या याजक मंदिरातून बाहेर आला तेव्हा त्याला बोलता येत नव्हते. मुलाच्या जन्मानंतर आठव्या दिवसापर्यंत तो मुका राहिला आणि मगच त्याच्या तोंडून स्तुती निघाली. शोकाने आलेले मौन आणि त्याचे मौन यांचे कारण एक नाही, पण नाताळाच्या वृत्तांतात एका मौन पाळणाऱ्या सेवकाला जागा आहे, एवढे तरी त्यावरून दिसते.

सोंग मात्र आणू नका, विशेषतः देवापुढे. आगमनकाळातील तुमची प्रार्थना तक्रारीची असली तरी चालेल. तेरावे स्तोत्र ‘किती वेळ?’ या प्रश्नाने सुरू होते आणि तो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते. ते स्तुतीने संपते खरे, पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे. ज्या दिवशी स्वतःचे शब्द सुचणार नाहीत त्या दिवशी या दोहोंपैकी एक मोठ्याने वाचा. पौलाने फिलिप्पैकरांना आपली मागणी आभारप्रदर्शनासह देवाला कळवा असे सांगितले आहे, हेही खरे. पण आभार मागणीच्या जागी नसून तिच्या सोबत आहेत. आईविषयी जे आभार मानावेसे वाटते ते माना, आणि त्याच दमात तिची आठवण येते हेही सांगा.

दररोजच्या वाचनासाठी मी एकच सुचवते: लूकचा पहिला अध्याय. त्यात ऐंशी वचने आहेत. रोज तीनचार वचने वाचली तर आगमनकाळ भरून जातो. याहून मोठी योजना करू नका. शोकात माणसाचे लक्ष टिकत नाही आणि अर्धवट राहिलेल्या योजनेचे ओझे नव्याने वाढते. त्या अध्यायात एक गोष्ट तुम्हाला दिसावी अशी माझी इच्छा आहे. देवदूताचे अभिवादन ऐकले तेव्हा मरियेच्या मनात खळबळ उडाली, असे लूक लिहितो. तिने होकार दिला, पण त्या ठिकाणी ती गायली नाही. ती उठून डोंगराळ प्रदेशात अलीशिबेकडे गेली, आणि जिने अनेक वर्षे वांझपणाचे दुःख आणि लोकांची बोलणी सोसली होती त्या वडीलधाऱ्या स्त्रीने तिला आशीर्वाद दिला तेव्हा, त्या घरात, मरियेच्या तोंडून ‘माझा जीव प्रभूला थोर मानतो’ हे गीत निघाले. योहानाला बातमी मित्रांनी आणून दिली, मरियेला गीत अलीशिबेच्या घरी सापडले. हा आनंद एकट्याने बसून शोधल्याने क्वचितच मिळतो. बहुधा तो दुसऱ्या कोणाच्या तोंडून आपल्यापर्यंत येतो.

म्हणून या दिवसांत तुमची अलीशिबा शोधा. जिने स्वतः दुःख पाहिले आहे, जी ऐकून घेताना लगेच उपदेश करत नाही आणि जिच्या घरी तुम्हाला रडता येईल अशी मंडळीतली किंवा नात्यातली एखादी वडील बाई तुम्हाला ठाऊक असेलच. मरिया तिथे सुमारे तीन महिने राहिली. तुम्ही आठवड्यातून एकदा जा. देवाने तिच्या आयुष्यात काय केले ते तिला विचारा आणि ऐका. स्वतःचा विश्वास थकलेला असताना दुसऱ्याच्या विश्वासाची हकिकत ऐकण्यात कमीपणा नाही. योहानालाही येशूने दुसऱ्यांच्याच कानांनी आणि डोळ्यांनी मिळालेली साक्ष पाठवली होती.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर हे 1943 च्या आगमनकाळात बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होते. तेथून त्यांनी मित्राला लिहिले की, तुरुंगातील कोठडी हे आगमनकाळाचे चांगले प्रतीक आहे, कारण तिथे माणूस वाट पाहतो, आशा करतो, बारीकसारीक कामे करत राहतो, आणि दार मात्र बाहेरूनच उघडता येते. बोनहोफर यांना 1945 च्या एप्रिलमध्ये फाशी देण्यात आली. तुम्ही आतून दार ढकलून दमला आहात, असे तुमच्या पत्रावरून वाटते. थोडे थांबा आणि बारीकसारीक कामे करा.

बारीकसारीक कामे म्हणजे काय, तेही योहानानेच सांगितले आहे. त्याच तीन वर्षांच्या चक्रात आणखी एका वर्षी तिसऱ्या रविवारी लूकच्या तिसऱ्या अध्यायातील वाचन येते. लोक योहानाला विचारतात, ‘तर मग आम्ही काय करावे?’ आणि तो त्यांना मनात काय वाटावे हे सांगत नाही. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने ज्याच्याजवळ एकही नाही त्याला एक द्यावा, आणि ज्याच्याजवळ अन्न आहे त्यानेही तसेच करावे, असे तो सांगतो. तुम्ही दीर्घकाळ रुग्णसेवा केली आहे. रुग्णाजवळ रात्रभर जागणे म्हणजे काय असते, हे तुमच्याइतके मंडळीत थोड्यांनाच ठाऊक असेल. सध्या घरात आजारी माणूस असलेले एखादे कुटुंब तुमच्या माहितीत असेल तर त्यांना या महिन्यात एक दुपार द्या, म्हणजे तेथील शुश्रूषा करणारीला झोप मिळेल. अर्थात, ज्या खोलीत तुम्ही आईला गमावले तशाच खोलीत पुन्हा जाणे आज असह्य असेल तर हे काम यंदा करू नका. कपडे द्या, भेटायला न जाता चौकशी करा. ज्याला दुखावल्यासारखे वाटते आहे त्याने दुःखाच्या ठिकाणी जाऊन शौर्य दाखवावे असा माझा आग्रह नाही.

आता तुमच्या मुलीविषयी. ती तुमच्या चेहऱ्याकडे पाहते, याचा अर्थ तिला परवानगी हवी आहे असा मी घेते. दहा वर्षांच्या मुलीला घरात काय घडले ते पुरते समजलेले असते. फक्त तिला त्याविषयी बोलावे की नाही आणि हसावे की नाही हे कळत नाही. तिला समोर बसवून सांगा की, आजीची आठवण येते म्हणून आईला रडू येते, ते वाईट नाही, आणि तुला नाताळाचा आनंद झाला तर तोही वाईट नाही, आजीला तो आवडला असता. मग तिला आनंद करू द्या. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, असे रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी लागू होते: तिने तुमच्याजवळ बसून आजीविषयी बोलावे, आणि तुम्ही थोडा वेळ तिच्याबरोबर घर सजवावे. तिच्या आनंदात सामील होताना क्षणभर हसू आले तर ते आईशी केलेले बेइमानीचे वर्तन नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण अशा हसण्यानंतर अनेकांना अपराधी वाटते.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. शोक आणि आजार यांत फरक आहे. तुम्हाला अनेक आठवडे झोप लागत नसेल, अन्न जात नसेल, रोजची कामे हातून होत नसतील, सगळ्यातून मन उठले असेल, किंवा आपणही मरून जावे असे विचार येत असतील, तर विलंब न लावता डॉक्टरांना भेटा आणि घरच्या एका माणसाला हे सांगा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला तेव्हा देवाने प्रथम त्याला झोपू दिले, दूत पाठवून खाऊपिऊ घातले, पुन्हा झोपू दिले, आणि संभाषण त्यानंतर कितीतरी दिवसांनी झाले. शरीराची आणि मनाची वैद्यकीय काळजी घेणे हे अविश्वासाचे कृत्य आहे असे जो म्हणेल त्याला राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचायला द्यावा.

आणि 25 डिसेंबरपर्यंत आनंद वाटू लागलाच पाहिजे, अशी मुदत स्वतःला घालू नका. मंडळीच्या पंचांगात नाताळ त्या दिवशी संपत नाही, सुरू होतो. दुसऱ्याच दिवशी, 26 डिसेंबरला, पहिला रक्तसाक्षी स्तेफन याचे स्मरण केले जाते, आणि 28 डिसेंबरला हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांचे. म्हणजे ज्या घरांत त्या वर्षी आकांत झाला होता त्यांना नाताळाच्या सणाबाहेर ठेवलेले नाही. तुम्ही त्या दिवशी उपासनेला जा. गाता आले तर गा, नाही तर इतरांना गाऊ द्या. त्यांचे गाणे तुमच्या वतीनेही आहे. लूकचा पहिला अध्याय संपला की दुसरा हाती घ्या आणि हन्ना संदेष्ट्रीपर्यंत सावकाश वाचत जा, जी लग्नानंतर सात वर्षांतच विधवा झाली, वृद्धापकाळापर्यंत मंदिरात वाट पाहत राहिली आणि बाळ येशूला पाहिल्यावर त्याच्याविषयी सर्वांना सांगू लागली. तोवर जानेवारी उजाडेल. तेव्हा पाळकसाहेबांशी काय बोलणे झाले आणि मुलगी कशी आहे, ते मला जरूर कळवा. तुमचे नाव मी प्रार्थनेत घेते आहे, आणि तुमच्या आईबद्दल देवाचे आभारही मानते आहे.

तुमची हितचिंतक